शनवार तेल्याला मराठी रंगमंच कधी मिळणार?

विजापूर रस्त्याच्या बाजूने गेल्या काही दशकांत वाढलेले जुळे सोलापूर ही नोकरदार, शिक्षक, छोटे व्यावसायिक आणि गिरण्यांच्या सोलापुरातून बाहेर पडलेल्या कुटुंबांची वसाहत आहे. मोठे व्यावसायिक नाटक पाहायचे तर येथील रसिकाला शहरात हुतात्मा स्मृती मंदिर गाठावे लागते. पण शाळेचे सभागृह, मंडळाचा छोटा रंगमंच, चार-पाच ओळी खुर्च्या आणि दोन दिवे एवढ्या भांडवलावर हौशी कलावंत जे उभे करतात, तेही येथला प्रेक्षक आस्थेने पाहतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानांवर घेत वाढलेल्या या शहराचा कान तयार आहे आणि मनही मोकळे आहे.

अशा छोट्या रंगमंचावर कधी ना कधी ज्यूंवरचे नाटक येतेच. मराठी हौशी रंगभूमीला या विषयाचे आकर्षण जुने आहे. दिवे मंदावतात, आगगाडीच्या चाकांचा आवाज घुमतो, पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतील खंगलेली माणसे रांगेत उभी राहतात, कुठेतरी एक मूल आईचा हात सोडते. प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. पुढच्या ओळीतल्या आज्या पदर डोळ्यांना लावतात. नाटक संपते आणि बाहेर चहाच्या गाडीपाशी एखादा शाळकरी नातू विचारतो, “आजोबा, हे ज्यू लोक कुठले? आपल्याकडे होते का?” आजोबा निःशंकपणे सांगतात, “नाही रे बाळा, ते तिकडचे. जर्मनीकडचे.”

हे उत्तर चुकीचे आहे आणि या चुकीचा दोष आजोबांच्या माथी मारता येणार नाही. आयुष्यभर नाटके पाहिलेल्या माणसाला मराठी बोलणारा ज्यू एकदाही रंगमंचावर दिसला नसेल, तर त्याचा जाब रंगभूमीलाच द्यावा लागेल.

युरोपातील ज्यूंची शोकांतिका मराठी रंगमंचावर येऊ नये, असे कोणीही म्हणणार नाही. ती आलीच पाहिजे. अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीचे नाट्यरूप १९५५ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आले आणि १ ऑक्टोबर १९५६ या एकाच दिवशी जर्मन भाषिक प्रदेशातील सात शहरांत त्याचा पडदा उघडला. प्रयोग संपल्यावर तेथील प्रेक्षकांना टाळ्या वाजवण्याचेही भान उरले नाही. माणसे मान खाली घालून, न बोलता नाट्यगृहाबाहेर पडली. ज्या समाजाच्या डोळ्यांदेखत तो संहार घडला, त्या समाजाला एका नाटकाने आरशापुढे उभे केले. रंगभूमीचे सामर्थ्य ते हेच.

परंतु त्याच नाटकावर तेव्हाच एक गंभीर आक्षेप घेतला गेला होता, हे मराठी रंगधर्मींनी ध्यानात घेतले पाहिजे. मेयर लेव्हिन या ज्यू लेखकाचे म्हणणे असे, की सर्वांना आपलेसे वाटावे म्हणून नाट्यरूपात अ‍ॅनचे ज्यूपण पातळ करण्यात आले. प्रेक्षकाने रडावे, पण ती कोण होती याचा फार विचार करू नये, अशी ही सोय. मराठी हौशी रंगमंचावर नेमके हेच घडत आले आहे. येथे ज्यू हे एका जिवंत समाजाचे नाव राहत नाही, ते केवळ दुःखाचे प्रतीक बनते. त्याची भाषा, त्याचे सण, त्याचे स्वयंपाकघर, त्याची प्रार्थना यांची कोणालाही गरज भासत नाही. पट्ट्यांचे कपडे चढवले की पात्र तयार!

आणि हा ज्यू कोकणात राहत होता! लोककथा सांगते, की कित्येक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. वाचलेल्या सात जोडप्यांपासून बेने इस्रायल समाज वाढला. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांच्या पवित्र विश्रांतिदिनाला गावाने हरकत घेतली नाही, उलट त्यालाच त्यांचे नाव करून टाकले. गावांवरून पडलेली त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, चेऊलकर अशी. अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणाऱ्या त्यांच्या मलिद्यात पोहे आणि ओले खोबरे असते. वल्हांडणाच्या सणाला वाचायची हगादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापली गेली. मुंबईचे महापौरपद भूषवणारे डॉ. एलिजा मोझेस याच समाजाचे. ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा म्हणून घराघरांत पोहोचलेले अभिनेते डेव्हिड हे चेऊलकर. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला, तो ज्यांच्या नाटकावर बेतला होता ते नाटककार जोसेफ डेव्हिड हे पेणकर. ज्या समाजाने भारतीय रंगमंचाला आणि रुपेरी पडद्याला असे कलावंत दिले, त्याच समाजाच्या वाट्याला मराठी नाटकात नावापुरतीही जागा येऊ नये, याला काय म्हणावे?

याहूनही मोठे आश्चर्य पुढेच आहे. १८८० च्या सुमारास बेने इस्रायल मंडळींनी मराठी कीर्तनाची परंपरा आपलीशी केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या उपक्रमातील अग्रणी. अब्राहाम, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या अशा वृत्तांत रचली गेली आणि कीर्तनाच्या थाटात निरूपणासह सादर झाली. विषय तोरातला, चाल मराठी मातीतली! मराठी संगीत नाटक ज्या साकी-दिंडीवर उभे राहिले, त्याच साकी-दिंडीने ज्यूंच्या पूर्वजांची चरित्रे गायली. श्रद्धा आपली जपायची आणि अभिव्यक्ती या भूमीची स्वीकारायची, या समरसतेचे याहून सुंदर उदाहरण शोधून सापडणार नाही. राष्ट्रजीवनाशी एकरूप होणे म्हणजे काय, यावर तासन्‌तास परिसंवाद झडतात. शनवार तेल्याने ते कीर्तनातून करून दाखवले.

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या प्रेक्षकाला कीर्तन समजावून सांगावे लागत नाही. पूर्वरंग कुठे संपतो आणि उत्तररंग कुठे सुरू होतो, हे त्याला जन्मतःच ठाऊक असते. जुळे सोलापुरातील छोट्या रंगमंचावर मोशेचे आख्यान मराठी साकीत उभे राहिले, तर आजोबांना नातवाला वेगळे उत्तर देता येईल. त्या रात्रीच्या अश्रूंत आश्चर्य असेल, ओळख असेल आणि आपलेपणही असेल.

यावर रंगकर्मींची दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर, “प्रेक्षक मिळणार नाही.” ही सबब टिकणारी नाही. ‘फिडलर ऑन द रूफ’ हे रशियातील ज्यू खेड्याचे संगीत नाटक १९६४ मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे टोकियोत गाजले. तेथील निर्मात्याने त्याचे लेखक जोसेफ स्टाइन यांना विचारले, हे नाटक इतके जपानी आहे, ते अमेरिकेत कसे काय समजते? मुलींची लग्ने, बापाचा धाक आणि मोडत चाललेली रीत हे प्रश्न जपानी घरालाही आपलेच वाटले. मग सोलापूरच्या घराला ते परके कसे वाटतील? नाटक आपल्या मातीत जितके खोल रुजते, तितके ते दूरवर पोहोचते. ज्यूंची फारशी वस्ती नसलेल्या टोकियोला जे जमले, ते मराठी ज्यू शेजारी असलेल्या महाराष्ट्राला का जमू नये?

दुसरे उत्तर अधिक चलाख असते. “ज्यू म्हटले की राजकारण येते.” युरोपातील ज्यूवर नाटक करताना राजकारण आडवे येत नाही, कोकणातील ज्यूचे नाव निघाले की मात्र ते आठवते, ही निवडक संवेदनशीलता कुठली? पश्चिम आशियातील संघर्षाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. त्याचा अलिबागच्या घाण्याशी काय संबंध? तेल गाळणाऱ्या माणसाकडे कोणत्याही सरकारच्या धोरणाचा जबाब मागणे हा शुद्ध अन्याय आहे. शिवाय खरे नाटक कोणाचीच भाटगिरी करत नाही. १९६२ मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला, तेव्हा हा समाज निदर्शने करत रस्त्यावर आला. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. ज्या गावात शतकानुशतके त्यांना कोणी ‘तू ज्यू कशावरून?’ असे विचारले नाही ते गाव सोडून ते गेले आणि ज्या भूमीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली तेथे हा प्रश्न विचारला गेला. यापेक्षा धारदार नाट्यवस्तू कोणत्या लेखकाला हवी आहे?

आता थोडे आत्मपरीक्षणही हवे. ‘भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही’ हे वाक्य व्यासपीठांवरून अभिमानाने उच्चारले जाते. येथल्या समाजाने तो केला नाही, हे सत्यच आहे. पण या भूमीवर तो झाला, परकीय सत्तेने केला. गोव्यात पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले. तेथील विख्यात वैद्य गार्सिया द ऑर्ता ज्यू वंशाचे होते. त्यांच्या बहिणीला १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. ज्या धर्मपीठाने हिंदूंची देवळे आणि रीतिरिवाज मोडीत काढणाऱ्या राजवटीला बळ दिले, त्यानेच हेही केले. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये पाकिस्तानातून आलेल्या दहशतवाद्यांनी ज्यूंना वेचून मारले आणि सँड्रा सॅम्युअल या भारतीय दाईने दोन वर्षांच्या मोशेला उराशी धरून बाहेर काढले. हे प्रसंग मराठी मुलखात आणि मराठी मुलखाच्या सीमेवर घडले आहेत. तरीही ज्यूंवरील नाटक लिहायचे म्हटले, की लेखणी थेट पोलंडलाच का पोहोचते?

पोलंडची गोष्ट निघालीच आहे, तर तिचा एक धागा भारतापर्यंत येतो. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या ज्यू कोंडवाड्यातील अनाथाश्रमात डॉ. यानुश कोर्चाक यांनी मुलांकडून एक नाटक बसवून घेतले. ते होते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेले गेले. सुटकेची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्यासोबत गेले. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या ज्यू मुलांना भारतीय नाटकाने धीर दिला. त्यांनी आपले नाटक आपलेसे केले. त्यांच्या येथल्या बांधवांचे जीवन आपण नाटकात आणू नये, हे कृतघ्नतेच्या जवळ जाणारे मौन आहे.

अभिमान बाळगायचा तर त्याला माहितीचा पाया हवा. शेजाऱ्याला छळले नाही एवढ्यावर समाधान मानणारा समाज त्याला विसरूही शकतो आणि विस्मरण हीदेखील एक प्रकारची हद्दपारीच आहे. स्वातंत्र्यानंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण तोवर येथे उरली होती मूठभर कुटुंबे. ती जुनी कीर्तने ज्यांच्या कानांवर पडली, त्या पिढीचे वय झाले आहे. तिच्याबरोबर चाली जातील, उच्चार जातील, मलिद्याच्या ताटाभोवतीच्या आठवणी जातील. मग कोणी नाटक लिहायला बसलाच, तर त्याला केवळ थडग्यांवरची नावे सापडतील.

म्हणून हे काम आजच व्हायला हवे आणि ते मोठ्या निर्मात्यांची वाट पाहून होणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता शोधणाऱ्या तरुणांनी एकदा अलिबाग, रेवदंडा, पेण येथे जावे. पुण्याच्या रास्ता पेठेतील सिनेगॉगमध्ये अदबीने चौकशी करावी. उरलेल्या घरांच्या ओसरीवर बसून ऐकावे, टिपून घ्यावे आणि मग छोट्या सभागृहात दोन दिव्यांत ते उभे करावे. पट्ट्यांचे कपडे काही दिवस पेटीत राहू द्यावेत. रंगमंचावर घाणा असावा, शुक्रवारचा सूर्य मावळत असावा आणि मराठीतच बैलाला हाक मारून घाणा थांबवणारा एक तेली असावा. जुळे सोलापूरचे आजोबा पुढच्या ओळीत बसायला तयार आहेत. त्यांच्या नातवाचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.