‘वर’ म्हणजे नेमकं कुठं?



गायरानाचा अर्ज घेऊन कचेरीत गेलं की एकच उत्तर मिळतं, ‘आमच्या हातात काही नाही, वरून आलं पाहिजे.’ तलाठी तहसीलीकडं बोट दाखवतो, तहसील परभणीकडं, परभणी मुंबईकडं. मुंबईला मोर्चा नेला तर म्हणतात, दिल्लीला विचारावं लागंल. आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्म या ‘वर’च्या पायऱ्या चढण्यात गेला. म्हणून हा ‘वर’ कुठं आहे तेवढंच या अंकात सांगायचं आम्ही ठरवलं.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत कारभाराच्या तीन याद्या आहेत. एक दिल्लीची, एक राज्याची, एक दोघांची मिळून. सैन्य, रेल्वे, नोटा हे दिल्लीचं. जमीन राज्याच्या यादीत, अठराव्या नंबरला. म्हणजे गायरान कुणाला द्यायचं हे ठरवायला मुंबईला दिल्लीची परवानगी लागत नाही. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय मुंबईनंच काढला. 14 एप्रिल 1990 पर्यंत ज्या भूमिहीन मागासवर्गीयांनी गायरान वहितीला आणलं, त्यांचं अतिक्रमण नियमानुकूल करायचं असं त्यात आहे, आणि त्यात आपण आदिवासी आलो. तेव्हा गायरानाच्या अर्जावर कुणी दिल्लीचं नाव सांगितलं तर ती टाळाटाळ समजा.

जंगलाचं तसं नाही. घटना झाली तेव्हा जंगलपण राज्याच्याच यादीत होतं. आणीबाणीत, 1976 साली, 42 व्या दुरुस्तीनं ते दोघांच्या यादीत नेलं. या यादीतल्या विषयावर दोघांचं जुळलं नाही तर साधारणपणे दिल्लीचा कायदा वरचढ. मग 1980 चा वनसंवर्धन कायदा आला. केंद्राला विचारल्याशिवाय राज्याला जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देता येईना. जंगलातल्या वहितीसाठी दिल्लीनं 2006 पर्यंत तारीख धरली होती 25 ऑक्टोबर 1980.

तेव्हाचा हिशेब करा. एका माणसानं 1985 ला माळावर नांगर धरला. कागदावर ती जमीन गायरान असंल तर तो नियमात बसायचा. वन असंल तर बसत नव्हता. माळ तोच, दगड वेचणारे हात तेच. एका शब्दानं त्याची तारीख जवळजवळ दहा वर्षं मागं जायची.

12 डिसेंबर 1996 ला तर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मालकी कुणाचीबी असो, सरकारी कागदात वन म्हणून नोंद असलेली जमीन वनच धरायची. म्हणून गायरानावर कुणी सामाजिक वनीकरणाचे खड्डे खोदायला आलं तर गप्प बसू नका. झाडाशी आपलं वैर नाही, झाडाखालीच आपण वाढलो. पण कोणत्या ठरावानं लावता आणि उताऱ्यावर काय लिहिणार, हे लेखी मागा.

राहिली खालची पायरी. 73 वी दुरुस्ती 1993 ला लागू झाली, पंचायतींसाठी 29 विषयांची यादी आली, जमीन सुधारणा आणि सामाजिक वनीकरण त्यात आहेत. पण ते अधिकार राज्यानं कायदा करून द्यायचे, म्हणजे चावी परत मुंबईकडंच. आणि खरं बोलायचं तर सत्ता गावात आली म्हणजे आपल्या वस्तीवर आली असं होत नाही. ग्रामपंचायतीत आपल्या अर्जाला आडवं कोण येतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांची जनावरं आणि त्यांचं राजकारण एकाच गायरानावर चरतं.

24 डिसेंबर 1996 ला आदिवासी भागातल्या ग्रामसभेला बळ देणारा कायदा झाला, त्याचे पेढे कुणी वाटू नयेत. तो फक्त पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्राला आहे. शेजारी नांदेडच्या किनवटात ते क्षेत्र आहे. आपल्या जिल्ह्यात एकही गाव त्यात नाही, आणि 1999 पर्यंत आपल्या जिल्ह्यात असलेल्या कळमनुरीकडंसुद्धा नाही, तिथं आंधांची एवढी वस्ती असूनसुद्धा. ते क्षेत्र राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतं. ती मागणी दिल्लीलाच करावी लागंल, त्यासाठी तहसीलीपुढं घसा कोरडा करून उपयोग नाही.

येत्या बैठकीला गंगाखेडला येताना प्रत्येकानं सातबारा, एक-ई ची नोंद आणि दंडाच्या जुन्या पावत्या आणाव्यात, फाटक्या असल्या तरी. वाचता येत नसंल तर लाजू नका, आम्ही वाचून दाखवू. ज्यांच्या उताऱ्यावर ‘वन’ असंल त्यांनी वेगळं बसावं. त्यांचा अर्ज वेगळा लिहायचा आहे.