वाफ्यातली सावड

आपल्या शाळेच्या मेसमागचे भाजीचे वाफे पाहिले की कवायतीचे मैदान आठवते. एका वाफ्यात फक्त वांगी, दुसऱ्यात फक्त मुळा. ओळी सुतात धरल्यासारख्या, मध्ये तणाचे पातेही नाही. कॅडेटांच्या या मेहनतीचे मला कौतुक वाटते. तरीही माझे स्पष्ट मत आहे, की येत्या पावसाळ्यात यातले निम्मे वाफे मिश्र पिकांचे असावेत.

माझे माहेर लातूरकडचे. तिथे खरिपाची ज्वारी एकटी पेरत नसत. तिच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असे. ज्वारी झपाट्याने वाढते, तूर सुरुवातीला रेंगाळते. ज्वारी निघाली की मोकळ्या जागेत तूर फोफावते आणि आपल्या खोल मुळांनी खालच्या थरातली ओल घेते. दोघींना भूक एकाच वेळी आणि एकाच थरात लागत नाही, म्हणून भांडण होत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत तर ज्वारीच्या सोबतीने वाढलेल्या तुरीवर मर रोग कमी आढळला. ज्वारीच्या कणसांवर येणारे पक्षी तुरीवरच्या अळ्याही टिपतात. शेतकरी एकमेकांना बैल आणि माणसे देऊन कामे उरकतात, त्याला सावड म्हणतात. ही पिकांची सावडच.

उत्तर अमेरिकेतले हौदेनोशौनी लोक मका, घेवडा आणि भोपळा यांना ‘तीन बहिणी’ म्हणतात. मका वेलाला आधार देतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल राखतात.

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या तळमजल्याच्या क्वार्टरपुढे चार हात जमीन आहे. तिथे मी मका, चवळी आणि काकडी लावली. पहिल्या वर्षी फजिती झाली. तिन्हींचे बी एकाच दिवशी टोकले. मक्याचे ताट बळकट होण्याआधीच चवळी त्यावर चढली आणि ऑगस्टच्या एका वादळी पावसात सगळेच आडवे झाले. पुढच्या वर्षी मका वीतभर झाल्यावर चवळी लावली, काकडीला कडेची जागा दिली. मका उभा राहिला. शेंगा संपल्यावर चवळी उपटली नाही, बुडाशी कापली. कारण तिने धरलेला बहुतेक नत्र तिची मुळे-पाने कुजल्यावरच मातीत मोकळा होतो. हिवाळ्यात त्याच जागी मेथी घेतली.

मिश्र वाफा गबाळा दिसेल, इन्स्पेक्शनच्या दिवशी काय दाखवायचे, असे काही जण म्हणतील. माझ्या अनुभवाने सांगते, मिश्र वाफ्याला शिस्त जास्त लागते. आधी कोण, मागून कोण, कोणाला किती अंतर, हे कागदावर ठरवूनच बी हातात घ्यावे लागते. पलटणीतही गणवेश एक असतो, पण प्रत्येकाच्या हाती एकच हत्यार नसते. कोणी बंदूक धरतो, कोणी वायरलेस सांभाळतो, कोणी लंगर. सगळे सारखे असणे वेगळे आणि सगळे एकमेकांच्या उपयोगी पडणे वेगळे. हा फरक मुलांना व्याख्यानातून कळण्यापेक्षा वाफ्यात लवकर कळेल.

आणखी एक कारण घरचे आहे. मागच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो, तेव्हा नववीतल्या माझ्या मुलाला तुरीचे रोप ओळखता आले नाही. मेसमध्ये तो रोज वरण जेवतो. ज्वारी-तुरीची जोडी ताटातही तितकीच कामाची आहे. धान्याच्या प्रथिनात लायसिन कमी असते, ते डाळ भरून काढते. डाळीतली मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. शेतात जी सावड, तीच भाकरी-वरणात.

म्हणून शाळेला विनंती आहे. प्रत्येक हाऊसला दहा फूट बाय दहा फुटांचा एक वाफा द्यावा. पहिल्या पावसावर मका, मागून चवळी, कडेला काकडी. पेरणीची तारीख, पडलेली कीड आणि मेसला दिलेली भाजी यांची नोंद कॅडेटांनी स्वतः वहीत करावी. गुण द्यायचे तर त्या वहीला द्यावेत, ओळीच्या सरळपणाला नकोत. एखाद्या हाऊसचा मका आडवा झाला, तरी त्याचे कारण लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत.

– एक पालक, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली