डकवलेला मोर

लिहिणाऱ्याला लिहिण्यापासून वाचवणारी जी यंत्रं निघाली, त्यांत ब्राउझरमधल्या एडिटराचा नंबर पहिला. वर बटणांची ओळ असते. एक अक्षर जाड करणारं, एक तिरकं करणारं आणि एक फिल्मच्या पट्टीचं. हे तिसरं बटण मराठी गद्याच्या मुळावर आलेलं आहे, असं माझं स्वच्छ मत आहे.

बटण दाबायचं, व्हिडिओचा पत्ता डकवायचा. झालं! लेखात व्हिडिओ! पण तो लेखात आलेला नसतोच मुळी. आलेली असते फक्त खिडकी. आयफ्रेम म्हणतात तिला. व्हिडिओ राहतो परक्याच्या वाड्यात. त्याने कुलूप घातलं की आपल्या भिंतीला नुसतं भोक!

सोलापूरकराला हे कळायला जड जाऊ नये. आपल्या चादरीतला मोर विणलेला असतो. जकार्डच्या पुठ्ठ्यांवरची भोकं ठरवतात कुठले उभे धागे उचलायचे, आणि मोर सुतातूनच उमटतो. चादर धुवा, पिळा, पोरांना पांघरा. फाटेपर्यंत मोर जागचा हलत नाही. उद्या कुणी चादरीला चौकोनी भोक पाडून म्हणाला, ‘मोर शेजारी राहतो, इथून बघा,’ तर गिऱ्हाईक काय म्हणेल ते छापण्यासारखं नाही.

पण लेखात हेच खपतं. एका हौशी लेखकाने २००९ साली गड्ड्याच्या यात्रेवर लिहिलं, ‘आणि मग सात नंदीध्वज निघाले...’ पुढे शब्द नाही, व्हिडिओ! पांढऱ्या बाराबंद्या, अक्षता, गर्दी, सगळं त्या चौकोनात. व्हिडिओ फ्लॅशवर चालणारा. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून, म्हणजे ऐन गड्ड्याच्या दिवसांत, ते चालणंच बंद केलं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची यात्रा अजून भरते. लेखाचे मात्र बारा वर्षांत बारा वाजले. आज तिथे नंदीध्वज निघतात आणि काळ्या चौकोनात गडप होतात.

‘अहो, पण ती मिरवणूक शब्दांत मावते का?’ नाही मावत. शेंगाचटणीचा खमंगपणाही कागदावर मावत नाही. म्हणून दाणे, लसूण, तिखट, मीठ एवढंही लिहायचं नाही? ज्याला दिसत नाही त्याने, ज्याचं नेट सरपटतं त्याने, आणि वीस वर्षांनी वाचणाऱ्या नातवाने काय करायचं? चौकोनाला नमस्कार?

व्हिडिओला माझा विरोध नाही. खुशाल लावा, मूळ प्रत मात्र आपल्या घरी जपून ठेवा. आणि एडिटर बनवणाऱ्यांना एकच विनंती. ते बटण दाबलं की यंत्राने अदबीने विचारावं, ‘मालक, आधी चार ओळी लिहिल्यात का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर बटणाने बारीकसा शॉक द्यायला माझी हरकत नाही.