यादीबाहेरचे औषध आणि मंजुरीचे घड्याळ

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी धन्वंतरी महाल उभारून वैद्यक संशोधनाला आणि औषधनिर्मितीला राजाश्रय दिला. औषधाची सोय लावणे हे राज्यकर्त्याचेही काम आहे, ही जाणीव या शहराला नवी नाही. आज तेथील प्रश्न वेगळा आहे. औषध बाजारात असते, डॉक्टरांनी ते लिहूनही दिलेले असते. त्याचा खर्च कोण मंजूर करणार आणि केव्हा, हे मात्र ठरलेले नसते.

तमिळनाडूची व्यवस्था दुबळी नाही. सरकारी औषधखरेदी महामंडळ १९९४ पासून आहे. मुख्यमंत्र्यांची सर्वंकष आरोग्य विमा योजना २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये ती केंद्राच्या ‘आयुष्मान भारत’शी जोडली गेली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते. परंतु ही रचना रुग्णालयातील दाखल्यावर आणि ठरीव पॅकेजवर उभी आहे. केंद्रीय योजनेत घरी सोडल्यानंतरची औषधे १५ दिवसांपुरतीच धरली जातात.

समजा, पट्टुकोट्टैची एखादी शेतमजूर स्त्री तंजावरला कर्करोगाचे उपचार घेते आहे. पॅकेजमधील औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर यादीबाहेरचे औषध सुचवतात. अर्ज फिरत राहतो, आजार थांबत नाही. ‘नाही’ असे कोणी म्हणत नाही. तोवर घरातले दागिने गहाण पडतात.

विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कॅशलेस पूर्वमंजुरीसाठी एक तास आणि रुग्णालयातून सोडतानाच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मुदत घातली. मुदत घालणे अशक्य नाही, हे त्यातून दिसते. पण पॉलिसीतच नसलेल्या औषधाला वेगाचा काय उपयोग? याच नियामकाने २०१९ मध्ये तोंडावाटे घ्यावयाच्या केमोथेरपीसारखे आधुनिक उपचार वगळण्यास कंपन्यांना मनाई केली. रकमेची मर्यादा घालण्याची मुभा मात्र ठेवली. म्हणजे आदेशाने यादीही रुंदावता येते.

प्रत्येक महागड्या औषधाचा भार सरकारी तिजोरीने उचलावा, असे माझे म्हणणे नाही. अल्प लाभाच्या औषधाला नकार देणे योग्यही असेल. पण नकार वेळेत आणि लेखी कारणांसह मिळाला पाहिजे. तमिळनाडूत सरकारी रुग्णालयांना औषधांच्या तरतुदीतील सुमारे १० टक्के रक्कम स्थानिक खरेदीसाठी वापरता येते; अपवादाचे तत्त्व तेथे मान्यच आहे. तेच विमा योजनेत आणावे. तंजावर वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत तज्ज्ञांची समिती असावी, तातडीच्या अर्जावर ४८ तासांत निर्णय व्हावा आणि मुदत टळल्यास पहिल्या मात्रेचा खर्च योजनेने सोसावा. वारंवार मंजूर होणारी औषधे पुढे यादीत घ्यावीत.

महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कणाही ठरीव पॅकेज हाच आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ तंजावरचा नाही.