अळीचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने किड्यांविषयी लिहावे, हे पाहून विज्ञान शाखेतील माझे मित्र हसतील याची मला कल्पना आहे. पण ज्या किड्याविषयी मी लिहिणार आहे, त्याचा संबंध प्रयोगशाळेपेक्षा कीर्दखतावणीशी अधिक आहे, असे माझे मत आहे. हा किडा म्हणजे कापसावरील गुलाबी बोंडअळी. आमच्या भागातील कन्नड शेतकरी तिला ‘गुलाबी कायिकोरक’ म्हणतात. कन्नडमध्ये कापसाला ‘हत्ति’ म्हणतात, हे मराठी शाळेतून आलेल्या मुलाला प्रथम गमतीचे वाटते. अलीकडे मात्र बैलहोंगल-सौंदत्तीकडील शेतकऱ्यांचा खर्च ऐकला, की कापूस लावणे म्हणजे खरोखरच हत्ती पोसणे झाले आहे, असे वाटू लागते.

आपली समजूत अशी असते, की झाड बिचारे उभे असते आणि कीड येऊन ते खाते. वस्तुस्थिती निराळी आहे. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते विष तयार करते. तंबाखूतील निकोटीन हे माणसाच्या व्यसनासाठी निर्माण झालेले नाही, ते पाने खाणाऱ्या किड्यांसाठी आहे. रुईचा पांढरा चीक हृदयावर परिणाम करणारा आहे. कडुनिंबाचा कडूपणा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील अर्लिक आणि रेव्हन या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली फुलपाखरे आणि वनस्पती यांच्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की झाड नवे विष काढते, किडा त्यावर तोड काढतो, झाड आणखी नवे विष काढते, आणि ही चढाओढ लक्षावधी वर्षे चालत राहते.

याची उदाहरणे आपल्या अंगणात आहेत. ज्या रुईच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, तिच्यावर एका केशरी फुलपाखराची पट्टेदार अळी वाढते. रुईचे विष तिला बाधत नाहीच, उलट ती ते अंगात साठवून ठेवते आणि पुढे पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे झाडाची तलवार अळीने आपल्या कमरेला लावली! रेशमाच्या किड्याचेही तसेच. तुतीच्या चिकात साखरेचे सोंग घेतलेली विषारी द्रव्ये असतात. ती एरंडावर वाढणाऱ्या एरी रेशीमकिड्याला मारक ठरतात; तुतीचा रेशीमकिडा मात्र तीच पाने खाऊन कोश विणतो. तात्पर्य, विष कितीही जालीम असो, ज्याचे सारे पोट त्या एकाच झाडावर आहे, तो किडा काही काळाने मार्ग काढतोच.

आता कापसाकडे वळू. जमिनीत आढळणाऱ्या एका जिवाणूत अळ्यांना मारणारे विष असते. हा जिवाणू प्रथम १९०१ साली जपानमध्ये सापडला, तोही रेशीमकिड्यांच्या रोगाचे कारण शोधताना. पुढे त्याला जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून नाव मिळाले आणि त्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘बीटी’. अळीच्या आतड्यात ठरावीक जागी हे विष चिकटते, तेथील पेशी फुटतात आणि अळी मरते. या जिवाणूचा विष तयार करणारा अंश कापसात घातला आणि मार्च २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते. २००६ मध्ये दोन विषे असलेला दुसरा प्रकार आला. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीसाठीची फवारणी खूपच कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. बीटीला सरसकट शिव्या देणारे ही गोष्ट विसरतात.

पण मार्च २०१० मध्ये जाहीर झाले, की गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला पुरून उरली आहे. पुढे चार-पाच वर्षांत ती दुसऱ्या विषालाही सरावली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे प्रचंड नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. जे बियाणे फवारणी वाचावी म्हणून घेतले, त्याच पिकावर पुन्हा पंप पाठीवर घ्यावा लागला.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. हिरवी बोंडअळीही तेच विष खात होती. मग गुलाबीच इतक्या लवकर का जिंकली? याचे एक मोठे कारण दोघींच्या आहारात आहे. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, काय मिळेल ते खाते. म्हणजे बीटी कापसाबाहेर तिची लाखो भावंडे विषाशिवाय वाढत असतात. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. तिच्याभोवती सगळा कापूस बीटीचा झाला, तेव्हा तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या, मरणे किंवा पचवणे.

या ‘पचवण्या’चा हिशेब साधा आहे. प्रत्येक अळीला एक वारसा आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. विष पचवण्याचा गुण मुख्यतः तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा तो दोन्हीकडून मिळतो. समजा, हजार वारशांत एक असा आहे. तर दोन्हीकडून तो मिळालेली अळी दहा लाखांत एक निघेल. शेतात सगळा बीटीच असेल, तर बाकीच्या मरतील आणि त्या वाचलेल्या थोड्या अळ्यांचे पतंग एकमेकांशीच जोड्या जमवतील. त्यांची सगळी प्रजा विष पचवणारी होईल. पण शेजारी थोडा साधा कापूस असेल, तर तेथून हजारो साधे पतंग येतील. वाचलेल्या पतंगाची गाठ त्यांच्यातल्या कोणाशी तरी पडेल, पिलांना एकाच बाजूचा वारसा मिळेल आणि ती पिले बीटी बोंडात मरतील. म्हणून नियम असा होता, की बीटीभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते लावावे. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या सरकीचे वेगळे पाकीट दिले जाई.

त्या पाकिटाचे काय होई, हे मी माझ्या मामांकडे पाहिले आहे. ते बांधावर पडून राही किंवा गुरांच्या पुढे जाई. मी एकदा विचारले, तेव्हा मामा म्हणाले, “काय रे, कॉलेजात हेच शिकवतात काय? माझ्या रानात मी किडीला जेवण वाढायचं आणि पुण्य सगळ्या गावाला? आधी शेजारचा पेरू दे, मग मी पेरतो.” शेजाऱ्याचेही म्हणणे अक्षरशः तेच होते, फक्त कन्नडमध्ये.

मित्रहो, मामांना अडाणी म्हणणे सोपे आहे. व्याख्यानांतून आणि वृत्तपत्रांतून शेतकऱ्यांना असा दोष दिलेला मी अनेकदा ऐकला-वाचला आहे. मला तो मान्य नाही. मामांचे गणित चुकलेले नव्हते. ती वीस टक्के जमीन त्यांची, तिच्यातील नुकसान त्यांचे आणि फायदा मात्र पंचक्रोशीत वाटला जाणार. पतंगाला बांध कळत नाही. अशा व्यवहारात प्रत्येकाने शहाणपणा केला, तरी सर्वांचे मिळून दिवाळे निघते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक गायरानाचे जे उदाहरण दिले, ते हेच. अळीने विष न पचवणे ही गावाची सामाईक संपत्ती होती. ती कोणाच्याही वहीत मांडलेली नव्हती, म्हणून तिचा घसारा कोणी काढला नाही.

बँकेचे उदाहरण घ्या. प्रत्येक बँकेने ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवलाच पाहिजे, असा कायदा आहे. तो पैसा कर्जाऊ दिला असता तर व्याज मिळाले असते, हे बँकेला कळत नाही काय? कळते. पण हा हिस्सा ठेवणे न ठेवणे मॅनेजरच्या सदिच्छेवर सोडलेले नाही. साध्या कापसाच्या पाच ओळी हाही राखीव निधीच होता. तो मात्र आपण सर्वस्वी कोरडवाहू शेतकऱ्याच्या सदिच्छेवर सोडला. नियम कागदावर राहिला, तपासणारा कोणी नव्हता आणि पाळणाऱ्याला भरपाईही नव्हती. दोष द्यायचाच असेल, तर तो या मांडणीला द्यावा.

दुसरीकडे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी कापूस होता, पण साध्या कापसाचा राखीव भाग ठेवण्याची सक्ती होती आणि तिच्यावर देखरेखही होती. दहा वर्षे अळी विषाला सरावली नाही. २००६ पासून तेथे वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले गेले आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या कापूस पट्ट्यातून ही अळी नाहीशी झाल्याचे सरकारने जाहीर केले. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वस्त म्हणून संकरित कापसाच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे लावले. त्यात आपोआपच चौथा हिस्सा झाडे बिनविषाची निघाली आणि अळीचा वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. तेथे कोणीही त्याग केला नाही. राखीव हिस्सा बियाण्यातच होता.

आपल्याकडेही अलीकडे साधी सरकी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली आहे. ती योग्य आहे. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली, की सहसा या झाडावरून त्या झाडावर हिंडत नाही, म्हणून तिच्या बाबतीत मिसळलेले बियाणे चालते. पण ही पद्धत उशिरा आली. चीनमध्ये प्रतिकार दुर्मीळ असतानाच मिश्रण झाले, आपल्याकडे तो सर्रास झाल्यावर. चोरी झाल्यावर बसवलेल्या कुलपाचा उपयोग पुढच्या वेळी होतो. पुढचे कोणतेही नवे बियाणे येईल, तेव्हा राखीव हिस्सा पहिल्या दिवसापासून पिशवीतच असला पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

मग आज करायचे काय? मला वाटते, अळीचे जे बळ आहे, तेच तिचे मर्म आहे. ती एकाच झाडावर अवलंबून आहे, तर ते झाडच काही महिने दिसू देऊ नये. आपल्याकडे पाणी मिळाले, की फरदड घेण्याचा मोह होतो. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभ्या राहिलेल्या कापसात अळीच्या आणखी एक-दोन पिढ्या जेवून जातात, आणि आपल्या हाती येतो तो बहुधा कवडी कापूस. डिसेंबरअखेर पीक काढावे, पऱ्हाट्या रानात रचून ठेवू नयेत, जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावावेत, कारण सरकीत दडून बसलेली अळी तेथेच उन्हाळा काढते. पुढच्या पिकात डोमकळ्या दिसताच त्या तोडून नष्ट कराव्यात. यात नवे बियाणे नाही, महाग औषध नाही. पण यातील एकही गोष्ट एकट्या मामांनी करून भागणार नाही. पाणी असताना पीक मोडणाऱ्याला दोन पैशांचा तोटा होणारच. तो तोटा गावाने, सोसायटीने किंवा सरकारने वाटून घेतला पाहिजे. येथे पुन्हा प्रश्न किड्यांचा न राहता आपल्या शाखेचा होतो.

या कामी भाषेचाही अडसर आहे. मामांच्या पाकिटातील माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरांत होते, की ते मलाही धड वाचता आले नाही. आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या गावच्या सोसायटीत बसून हा हिशेब दोन्ही भाषांत मांडून दाखवला, तर ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याइतकेच उपयुक्त काम होईल. बांधाच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे कन्नड, असा भेद आपण करतो. पतंग तो करीत नाही. तो दोन्ही रानांत सारख्याच निष्ठेने अंडी घालतो. निदान त्याच्या बाबतीत तरी आपण दोघांनी एकाच वहीत हिशेब लिहायला हवा.