आवाज हरवला कोठे?



गिटार हे वाद्य आपल्या घरांना नवे नाही. नाताळच्या गीतांना, लग्नाच्या मांडवात, गोव्याकडे मांडोच्या साथीला घुमट व व्हायोलिन यांच्या शेजारी ते आपण पुष्कळदा ऐकिले आहे. अलीकडे मात्र गिटार वाजविणाऱ्या तरुणाच्या पायाशी एक चपटी, दिवे लुकलुकणारी पेटी दिसू लागली आहे. तिला डिजिटल इफेक्ट प्रोसेसर म्हणतात. चार-सहा महिन्यांची मिळकत साठवून मुलगा ती घरी आणितो, दोन दिवस हौसेने वाजवितो आणि तिसऱ्या दिवशी ती मुकी तरी होते किंवा घरघरू तरी लागते. मग वडीलमंडळी म्हणतात, "पैसे पाण्यात गेले!" वस्तुतः अशा वेळी बहुधा यंत्र बिघडलेले नसते; जोडणीत किंवा मांडणीत कोठेतरी चूक राहिलेली असते. ती कशी शोधावी, हे आम्ही आज सांगणार आहोत.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतो व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वरची तार कंप पावली की वेटोळ्यात अतिशय क्षीण वीज उत्पन्न होते. प्रोसेसर ही वीज सेकंदास हजारो वेळा मोजतो, तिचे आकड्यांत रूपांतर करितो, त्या आकड्यांवर गणित करितो आणि पुन्हा वीज करून पुढे पाठवितो. कित्येक यंत्रांत ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळा होते. माणसाच्या कानास सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक असावी लागते, म्हणून हा आकडा. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ८२ व सर्वांत बारीक तार सुमारे ३३० कंपने करिते.

पूर्वी एकेका परिणामासाठी निराळी डबी लागे. १९६२ साली अमेरिकेत निघालेली मॅस्ट्रो फझ-टोन ही अशीच एक डबी. स्वर फाडून खरखरीत करणे एवढेच तिचे काम. आज तशा अनेक डब्यांचे काम एका पेटीत सामावले आहे. अर्थात जितकी सोय वाढली, तितक्या चुकण्याच्या जागाही वाढल्या.

आता जोडणी. सर्वांचा आवाज शून्यावर ठेवूनच आरंभ करावा. गिटारची वायर ‘इनपुट’ लिहिलेल्या छिद्रात आणि ‘आउटपुट’मधून निघणारी वायर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालावी. आउटपुटची छिद्रे दोन असून स्पीकर एकच असेल, तर ज्या छिद्रावर ‘मोनो’ असे लिहिले आहे तेच वापरावे. सुरू करिताना अ‍ॅम्प्लिफायर शेवटी लावावा आणि बंद करिताना तो प्रथम बंद करावा. म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही.

अ‍ॅडॅप्टरविषयी विशेष सावधगिरी हवी. पुष्कळ लहान प्रोसेसरांना ९ व्होल्टची एकदिश वीज लागते व पिनेच्या मधल्या भागी ऋण टोक असते. हे यंत्राच्या पाठीवर एका लहान वर्तुळाच्या चित्राने दाखविलेले असते. घरातील कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर त्याच छिद्रात नीट बसेल, परंतु त्याची टोके उलटी किंवा व्होल्ट अधिक असू शकतील. अशाने यंत्र कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. व्होल्ट व टोके तंतोतंत जुळली पाहिजेत. मिलिअँपिअरचा आकडा मात्र मागितलेल्याइतका किंवा त्याहून मोठा चालतो.

यानंतर एक प्रश्न स्वतःस विचारावा : आवाज गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघणार की सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून? गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर अतितीव्र स्वर गाळून टाकतो. सभागृहाचा स्पीकर ते सर्व स्वच्छ ऐकवितो. म्हणून घरी गोड वाटलेला खरखरीत स्वर मांडवात गांधीलमाशांच्या मोहोळासारखा ऐकू येतो. यावर उपाय म्हणून प्रोसेसरमध्ये ‘कॅबिनेट’ नावाची योजना असते. सभागृहाच्या स्पीकरला जोडिताना ती चालू ठेवावी, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडिताना बंद करावी. दोन्ही ठिकाणी चालू ठेविल्यास स्वर गोधडीत गुंडाळल्यासारखा दबतो.

मग आवाजाची पातळी ठरवावी. सर्व तारा जोराने छेडाव्या आणि तांबडा दिवा लागतो का ते पाहावे. लागत असेल तर इनपुट कमी करावे. कारण मोजणीची मर्यादा ओलांडली की आकड्यांचे यंत्र कानाला बोचणारा तडतडाट करिते. परिणामांचा क्रम सामान्यतः असा ठेवावा : आरंभी स्वराची उंचसखल पातळी सारखी करणारा कॉम्प्रेसर, मग खरखर देणारा ड्राइव्ह, मग अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल, मग कोरस, मग डिले आणि अखेरीस रिव्हर्ब. हा नियम अभंग नाही. परंतु नवख्याने येथून निघावे. डिलेचा काळ गाण्याच्या लयीशी जुळविण्यास सोपे गणित आहे : ६०,००० ला मिनिटातील मात्रांच्या संख्येने भागावे. मिनिटास १२० मात्रा असतील तर ५०० मिलिसेकंद, ८० असतील तर ७५०.

रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, याचा मोह आवरावा. आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. १७ मीटरांवरील भिंतीवर आपटून तो सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो. आपल्या उंच छताच्या, दगडी भिंतींच्या जुन्या चर्चमध्ये हा घुमारा मुळातच भरपूर असतो. त्यात यंत्राचा घुमारा मिसळला की गीताचे शब्द कोणासच कळत नाहीत. कारखान्याने भरून दिलेल्या मांडण्या बहुधा दुकानात उठून दिसाव्यात अशा असतात. त्यांतील रिव्हर्ब निम्मा करून पाहावा, आणि एकाने मागल्या बाकावर बसून ऐकावे.

आता दोषनिवारण. आवाज मुळीच येत नसेल, तर घाबरून सर्व बटणे फिरवू नयेत. प्रोसेसर बाजूस काढून गिटार एकाच वायरीने थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडावी. आवाज आला, तर दोष प्रोसेसरमध्ये किंवा वगळलेल्या दुसऱ्या वायरीत आहे. ती वायरही अशीच थेट जोडून पाहावी. आवाज आला नाही, तर प्रोसेसर निर्दोष असण्याचा संभव मोठा. वायर, गिटार व अ‍ॅम्प्लिफायर एकामागून एक तपासावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही.

दोष प्रोसेसरकडे आहे असे ठरल्यावर तीन साध्या गोष्टी पाहाव्या. सूर लावण्याचा ट्यूनर चालू राहिला आहे काय? पुष्कळ यंत्रांत तो चालू असताना बाहेरचा आवाज बंद होतो. पायाचे पेडल मागे टेकून आवाज शून्यावर गेला आहे काय? आउटपुटची कळ कोणी खाली फिरविली आहे काय? दोष गिटारकडे असेल, तर तिच्या अंगावरील कळ पाहावी. पोकळ लाकडी गिटारमध्ये आवाज घेण्याचे विजेचे साधन असेल, तर त्यास बहुधा ९ व्होल्टची बॅटरी असते. वायर खोचून ठेविल्यास ती बॅटरी विनाकारण उतरत राहते. म्हणून वादन संपताच वायर काढावी.

सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल, तर तो बहुधा घरच्या ५० आवर्तनांच्या विजेचा परिणाम होय. प्रोसेसर बॅटरीवर चालत असेल तर अ‍ॅडॅप्टर काढून पाहावे. घुरघुर थांबल्यास दोष अ‍ॅडॅप्टरकडे आहे. गिटार घेऊन उभ्याउभ्या वळून पाहावे. एखाद्या दिशेस आवाज कमी होतो. ट्यूबलाइट व मोबाईलचा चार्जर दूर ठेवावा. ‘नॉइज गेट’ हे द्वार मधला गोंगाट अडविते. पण ते फार घट्ट लाविल्यास हळू स्वरांचे शेपूट तुटते. कर्कश शीळ येऊ लागल्यास वाजविणाऱ्याने स्पीकरसमोरून बाजूस व्हावे व ड्राइव्ह कमी करावा. तुटक आवाज येत असेल, तर वायर टोकापाशी हलवून पाहावी; तेथील डाग सुटणे हा नेहमीचा दोष आहे.

यंत्र भलतेच वागू लागल्यास कारखान्याच्या मूळ मांडणीवर नेण्याची सोय पुस्तिकेत दिलेली असते. परंतु त्याने आपण बसविलेले सर्व पुसले जाते. म्हणून आधी संगणकावर नक्कल उतरून घ्यावी. यंत्रातील आज्ञावली नवी करिताना मध्येच वीज गेल्यास यंत्र बंद पडू शकते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे हे काम खात्रीच्या वेळी करावे.

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गिटारच्या तारांवर हात असता माईकला ओठ लागून मुंग्या आल्या, तर गाणे तेथेच थांबवावे. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात आणि माईक दुसऱ्या यंत्राच्या. त्यांतील एकाचे अर्थिंग तुटले असल्यास वीज वादकाच्या शरीरातून वाट काढू शकते. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्झी येथे स्टोन द क्रोज या मंडळीचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच अशा माईकच्या धक्क्याने मरण पावला. प्रोसेसर बॅटरीवर चालतो म्हणून हा धोका टळत नाही. कारण पुढचा अ‍ॅम्प्लिफायर विजेवरच असतो. प्लगचा तिसरा, जाड पाय कधीही कापू नये. सर्व यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच जागेवरून चालवावी. मांडवाच्या विजेवर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच असावे, असा वायरमनजवळ आग्रह धरावा. वाढीव खर्च होतो हे खरे. परंतु गावच्या मुलांच्या जिवाशी त्याची तुलना होणे नाही.

वडीलमंडळींस आमची विनंती एवढीच की, यंत्र मुके झाले म्हणून मुलास लगेच बोल लावू नये; त्याच्याशेजारी बसून वायर धरावी. आणि तरुणांनी एक लहान वही ठेवावी. कोणत्या ठिकाणी कोणती कळ किती होती, ते कार्यक्रम संपताच तीत टिपावे. पुढल्या सणास त्याच चर्चमध्ये उभे राहाल, तेव्हा तासभराची धडपड वाचेल आणि तेवढा वेळ गिटारच्या सहा तारा सुरात लावण्यास मिळेल. कारण बेसूर तार सुरात आणून देण्याचा भरवसा या पेटीवर ठेविता येत नाही.