४५ हजारांची अलॉय व्हील्स खड्ड्यात गेली, तर वॉरंटी मिळते का?

उदगीरमध्ये नवी गाडी आली की महिन्याभरात दोन गोष्टी होतात. मागच्या काचेवर नाव येतं आणि चाकं बदलतात. कंपनीची काळी लोखंडी चाकं जाऊन चकचकीत अलॉय येतात. आपल्याकडे कित्येक जण त्यांना अजूनही मॅगव्हीलच म्हणतात.

आमच्या दादानेही, म्हणजे मोठ्या चुलतभावाने, हेच केलं. त्याच्या स्विफ्टला १४ इंची लोखंडी चाकं होती. त्याने १६ इंची अलॉय बसवली. टायर सोडून नुसत्या चार रिमचे ४५ हजार रुपये गेले. दुकानदार म्हणाला, "पाच वर्षं बघायचं काम नाही, कंपनीची वॉरंटी आहे." बिल म्हणून पॅडच्या कागदावर आकडा लिहून दिला.

सातव्या महिन्यात रात्री लातूरहून परत येताना नळेगावच्या पुढे गाडी एका खड्ड्यात आदळली. सकाळी डावं चाक बसलेलं. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवला, तर बुडबुडे टायरमधून नव्हे, रिममधून येत होते. रिमच्या आतल्या कडेला केसासारखी बारीक चीर होती, आणि मागची रिम वाकली होती ती वेगळीच.

दुकानदाराने कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला. फोटो मागवले गेले, पुन्हा मागवले गेले. दोन महिन्यांनी उत्तर आलं : "रोड इम्पॅक्ट, वॉरंटीत बसत नाही." एक रिम विकत मिळेल का, असं विचारलं, तर ते डिझाइन बंद झालंय, पूर्ण सेट घ्या, असं सांगण्यात आलं.

दादाचं नशीब वाईट होतं, असं म्हणून हा विषय संपत नाही. अलॉयच्या वॉरंटीचा कागद साधारण असाच लिहिलेला असतो. ती वॉरंटी 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट'ची असते, म्हणजे कारखान्यात राहिलेल्या दोषाची. खड्डा, अपघात, चुकीचं फिटिंग, वेल्डिंग हे सगळं वगळलेलं असतं. वरच्या रंगाची किंवा पॉलिशची वॉरंटी बहुतेक वेळा वेगळी आणि बरीच कमी मुदतीची असते. मराठवाड्यातल्या रस्त्यावर जी गोष्ट होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकी तीच कागदात नसते.

चाक मोठं झालं की नेमकं काय बदलतं?

यात थोडं गणित आहे, पण सोपं आहे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचा टायर १६५/८० आर १४ असतो. १६५ ही टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, आणि तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी ही टायरच्या भिंतीची उंची. १६ इंची रिमवर १९५/५५ चा टायर घातला तर चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण रबराची भिंत १०७ मिमी होते. १७ इंचीवर २०५/४५ घातला तर उरतात फक्त ९२ मिमी.

खड्ड्याचा दणका आधी ही भिंत खाते. ती ४० मिमीने कमी झाली की उरलेला दणका थेट धातूला बसतो. लोखंडी रिम अशा वेळी वाकते आणि पंक्चरवाला हातोड्याने ती बऱ्यापैकी सरळ करून देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव रिमला वाकायची तेवढी सवय नसते, ती चिरू शकते. अशी रिम गॅरेजमध्ये वेल्डिंग करून मिळते, पण तिची ताकद कारखान्यात केलेल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने त्या भागाची ताकद कमी होते. गाडीत घरचे लोक बसतात, त्यामुळे मी तरी वेल्ड केलेली रिम पुढच्या चाकाला लावणार नाही.

अलॉयमध्येही प्रकार आहेत. साच्यात ओतलेलं चाक सगळ्यात स्वस्त. फ्लो-फॉर्म्ड म्हणजे ओतल्यावर कडा दाबून, ताणून घट्ट केलेलं चाक त्याहून मजबूत. फोर्ज्ड सगळ्यात मजबूत आणि भयंकर महाग. दुकानात तिन्ही सारखीच चमकतात.

मग "टेस्टेड" या शिक्क्याचं काय? लाइट अलॉय चाकांच्या आंतरराष्ट्रीय इम्पॅक्ट चाचणीत चाक १३ अंशांच्या कोनात ठेवून त्यावर वजन पाडतात. चाकाच्या मधल्या भागाला आरपार तडा गेला किंवा एका मिनिटात सगळी हवा निघून गेली, तर चाक नापास. पण जिथे वजन आदळलं, तिथे रिमची कड वाकली किंवा तुटली तरी ते अपयश धरलं जात नाही. म्हणजे पास झालेलं चाक वाकणारच नाही, असं चाचणीसुद्धा म्हणत नाही. ते दुकानदार म्हणतो.

बऱ्याच रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशी अक्षरं असतात. ही जपानी मानकं. जेडब्ल्यूएल म्हणजे आमचं चाक मानकात बसतं, असं कंपनीने स्वतः सांगणं. व्हीआयए म्हणजे तिसऱ्या संस्थेने तपासलेलं. ओतताना साच्यात अक्षरं कोरणं अवघड नसतं, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर जाऊ नका. केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने २०२० मध्ये रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. त्यामुळे रिम उलटी करून आयएसआय मार्क बघा आणि किलोमध्ये लिहिलेली भारक्षमताही बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

पक्कं बिल का मिळत नाही?

"पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स वेगळा लागेल" हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला सापडणार नाही. गाड्यांच्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. ४५ हजारांवर हे आठ हजार शंभर रुपये होतात. ते वाचले म्हणून आपण खूश होतो आणि तक्रारीच्या वेळी आपल्या हातात पॅडचा कागद असतो.

खरं तर बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि बिल नाही म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. यूपीआयचा व्यवहार, दुकानदाराशी झालेलं चॅट, फिटिंगच्या दिवशीचे फोटो हेही पुरावेच आहेत.

विम्याकडूनही फार आशा नको. बाहेरून बसवलेली अलॉय पॉलिसीत वेगळी नोंदवून त्यांचा प्रीमियम भरलेला नसेल, तर विमा कंपनी त्यांचे पैसे देत नाही. नोंद करायला पुन्हा पक्कं बिलच लागतं.

एक बाजू आपल्या अंगावरही येऊ शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजारांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळे तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो साइज देते, तिथपर्यंत थांबणं शहाणपणाचं. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १५ इंची चाकं येतात. दादा १६ वर गेला. समोरचा वकील हा मुद्दा काढणारच.

कंपनी दिल्लीत, आपण उदगीरला. भांडायचं कुठे?

लातूरला. लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट ही आहे. जुन्या कायद्यात तक्रार साधारणपणे विक्रेता जिथे आहे किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे करावी लागायची. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. उदगीरच्या माणसासाठी तो आयोग लातूरचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले करायचं, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, काही वेळा तेवढ्यावरच फोन फिरतात. चाकं वेबसाइटवरून घेतली असतील तर ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं.

आयोगाने तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पण या प्रकरणात तपासणीवरच सगळं ठरतं. चीर खड्ड्यामुळे पडली की ओतकामातच आत हवेची पोकळी राहिली होती, हे फोटोवरून कळत नाही. कंपनीने मात्र फोटोवरूनच "रोड इम्पॅक्ट" लिहून टाकलं. ते कशावरून ठरवलं, कोणी तपासलं, याचा अहवाल लेखी मागायचा. आणि तुटलेली रिम भंगारात द्यायची नाही, वेल्डही करायची नाही. तपासणीला पाठवायला तीच लागणार.

दादाने जुनी लोखंडी चाकं फिटिंगच्या दिवशीच त्याच दुकानात दोन हजारांत देऊन टाकली होती. आता त्याने लातूरहून जुन्या बाजारातून तसाच सेट आणलाय, सहा हजारांना. चिरलेली रिम गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवली आहे. गेल्या आठवड्यात त्याने दुकानदाराला आणि कंपनीला पोस्टाने नोटीस पाठवली. दुकानदाराचा दुसऱ्याच दिवशी फोन आला, "घरातल्या माणसासारखे आहात, नोटीस कशाला?" कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.